अर्देशिर गोदरेज

अर्देशिर बुर्जोरजी सोराबजी गोदरेज (१८६८ – जानेवारी १९३६) हे मुंबईतील पारशी उद्योजक, कुलपांचे व तिजोऱ्यांचे रचनाकार आणि गोदरेज उद्योगसमूहाचे संस्थापक होते. शिक्षणाने ते वकील होते. वकिली सोडल्यानंतर त्यांनी प्रथम शस्त्रक्रियेची अवजारे तयार केली. तो धंदा बुडाल्यावर १८९७ मध्ये लालबाग येथे त्यांनी कुलपांचा कारखाना काढला. पुढे तिजोऱ्या, पोलादी कपाटे आणि वनस्पती तेलापासून बनवलेला साबण ही त्यांची उत्पादने देशभर पोहोचली. चोराला किल्लीवाचून उघडता येणार नाही असे कुलूप आणि आगीत व फोडाफोडीत टिकणारी तिजोरी हिंदुस्थानात तयार होऊ शकते, हे त्यांनी विलायती मालाची सद्दी असताना दाखवून दिले.

कुटुंब

अर्देशिर यांचा जन्म मुंबईतील एका सधन पारशी कुटुंबात झाला. वडिलांचे नाव बुर्जोरजी आणि आईचे नाव दोसाबाई. सहा भावंडांत ते थोरले होते. कुटुंबाचे मूळ आडनाव गुथेराजी असे होते. ते बदलून गोदरेज हे आडनाव बुर्जोरजींनी १८७१ मध्ये घेतले. बुर्जोरजी आणि त्यांचे वडील सोराबजी यांचा व्यवसाय जमीनजुमल्याच्या खरेदी-विक्रीचा होता. पुढे अर्देशिर यांच्या कारखान्याचा विस्तार ज्यांनी केला ते पिरोजशा गोदरेज हे त्यांचे धाकटे बंधू होत. दोघांच्या वयात सुमारे चौदा वर्षांचे अंतर होते.

१८९० मध्ये अर्देशिर यांचा विवाह बचुबाई यांच्याशी झाला. हा संसार जेमतेम वर्षभर टिकला. २५ एप्रिल १८९१ रोजी बचुबाई आपल्या नात्यातील एका तरुणीसह मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई मनोऱ्यावर गेल्या होत्या. तेथे त्यांच्यावर अतिप्रसंगाचा प्रयत्न झाला आणि अब्रू वाचवण्यासाठी दोघींनी मनोऱ्यावरून उडी घेतली, असे त्या वेळी सर्वत्र मानले गेले. दोघींचाही मृत्यू झाला. खटला उभा राहिला, परंतु आरोपी निर्दोष सुटला. राजाबाई मनोऱ्याचा खटला या नावाने हे प्रकरण मुंबईत दीर्घकाळ चर्चेत राहिले. अर्देशिर त्या वेळी अवघ्या तेवीस वर्षांचे होते. त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. त्यांना अपत्य नव्हते.

वकिली आणि झांझिबार

कायद्याचे शिक्षण पूर्ण झाल्यावर १८९४ मध्ये अर्देशिर एका खटल्यासाठी पूर्व आफ्रिकेतील झांझिबार येथे गेले. त्या काळी झांझिबारात हिंदी व्यापाऱ्यांची मोठी वस्ती होती आणि मुंबईतील वकिलांना तेथे काम मिळत असे. खटला चालू असताना, आपल्या अशिलाची बाजू राखायची तर सत्याला मुरड घालावी लागेल, हे अर्देशिर यांच्या लक्षात आले. त्यांनी तसे करण्यास नकार दिला. अशिलाच्या बाजूच्या मंडळींनी त्यांची समजूत काढण्याचा प्रयत्न केला, पण ते बधले नाहीत. ते मुंबईस परतले आणि वकिली त्यांनी कायमची सोडली.

एवढ्यावरून त्यांना हट्टी किंवा अव्यवहारी ठरवणे सोपे आहे. मात्र पुढील दोन-तीन वर्षांत त्यांना एका निराळ्या व्यवसायात पुन्हा याच स्वरूपाच्या पेचाला तोंड द्यावे लागले आणि तेथेही त्यांनी तोच निर्णय घेतला.

शस्त्रक्रियेची अवजारे

मुंबईस परतल्यावर अर्देशिर यांनी एका औषधविक्रेत्याच्या पेढीत साहाय्यकाचे काम पत्करले. शस्त्रक्रियेसाठी लागणारे चाकू, चिमटे, कात्र्या हे सर्व सामान विलायतेहून येते आणि ते येथे तयार होण्यास काही अडचण नाही, हे त्यांनी तेथे पाहिले. कारखान्यासाठी त्यांनी वडिलांचे स्नेही आणि पारशी समाजातील दानशूर गृहस्थ मेरवानजी मंचरजी कामा यांच्याकडून तीन हजार रुपये कर्जाऊ घेतले. घरी पैसा असताना बाहेर कर्ज का मागतोस, असे कामा यांनी विचारले असता, वडील ही रक्कम कर्ज म्हणून न देता भेट म्हणून देतील आणि आपल्याला भेट नको आहे, असा खुलासा त्यांनी केल्याचे सांगितले जाते.

अवजारे उत्तम निघाली. पेढीचा मालक ती घेण्यास तयारही झाला, परंतु त्यांवर परदेशी मालाचा छाप असावा अशी त्याची अट होती. हिंदुस्थानी बनावटीच्या चाकूने शस्त्रक्रिया करण्यास कोणी डॉक्टर धजणार नाही, अशी त्याची व्यापारी समजूत होती आणि त्या काळचा बाजार पाहता ती निराधार नव्हती. अर्देशिर यांनी आपल्या मालावर हिंदुस्थानचेच नाव राहील असा आग्रह धरला. व्यवहार मोडला आणि धंदाही बंद पडला. कामा यांचे कर्ज मात्र डोक्यावर राहिले.

कुलपे

याच सुमारास मुंबईतील वाढत्या घरफोड्यांविषयीचे एक वृत्त अर्देशिर यांच्या वाचनात आले. नागरिकांनी आपली घरे आणि पेढ्या अधिक सुरक्षित ठेवाव्यात, असे आवाहन पोलीस आयुक्तांनी त्यात केले होते. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेगची साथ सुरू झाली होती. पुढच्या काही महिन्यांत लाखो लोक शहर सोडून गेले. मागे राहिली ती कुलूप लावलेली रिकामी घरे आणि दुकाने. त्यांची राखण करण्यास माणूस नव्हता. घरात असेल नसेल ते सारे दारावरच्या कुलपाच्या भरवशावर होते.

आणि ते कुलूप बहुधा भरवशाचे नसे. बाजारात दोन प्रकारचा माल मिळे. एक विलायती, चांगला पण महाग. दुसरा देशी कारागिरांनी हाताने घडवलेला. देशी कुलपे दिसायला दणकट असत, पण त्यांची आतील रचना इतकी साधी असे की वाकवलेल्या तारेने ती उघडत. एका कुलपाची किल्ली दुसऱ्याला लागणे हेही नवलाचे नव्हते.

अर्देशिर यांनी कामा यांच्याकडे पुन्हा कर्ज मागितले आणि कामा यांनी ते दिले. ७ मे १८९७ रोजी लालबाग येथे, बॉम्बे गॅस कंपनीच्या आवारालगत, २१५ चौरस फुटांच्या एका छपरीत काम सुरू झाले. गुजरात आणि मलबारातून आणलेले बारा कारागीर हाताशी होते. पहिली कुलपे अँकर या नावाने विकली गेली. किल्लीवाचून हे कुलूप उघडता येणार नाही, अशी लेखी हमी प्रत्येक कुलपाबरोबर दिली जात असे.

या हमीचे वजन कळण्यासाठी थोडे मागे जावे लागते. इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामा यांच्या कारखान्याने आपले एक कुलूप लंडनच्या दुकानाच्या खिडकीत ठेवले होते आणि ते उघडून दाखवणाऱ्यास २०० गिनी देऊ केल्या होत्या. अर्ध्या शतकाहून अधिक काळ ते कोणाला उघडता आले नाही. जेरेमाया चब यांनी १८१८ मध्ये सूचक कुलूप तयार केले. त्यात कोणी चुकीची किल्ली किंवा तार घातली, की आतील एक पट्टी अडकून बसे आणि मालकाला पुढच्या खेपेस किल्ली लावताना कोणीतरी प्रयत्न करून गेल्याचे समजे. १८५१ च्या लंडन येथील जागतिक प्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड चार्ल्स हॉब्ज या अमेरिकी कुलूपकाराने ही दोन्ही कुलपे उघडली. चब यांचे कुलूप त्याने अर्ध्या तासाच्या आत उघडले. ब्रामा यांच्या कुलपाला सोळा दिवसांत मिळून सुमारे ५१ तास लागले. तेव्हापासून अभेद्य या शब्दाकडे जाणकार संशयाने पाहू लागले. अशा काळात लालबागच्या एका छपरीतून न उघडण्याची हमी देणे हे धाडसाचे होते.

अर्देशिर यांची कुलपे लिव्हर पद्धतीची होती. या पद्धतीत धातूच्या पातळ पट्ट्या एकावर एक रचलेल्या असतात. किल्लीच्या दात्यांनी प्रत्येक पट्टी नेमक्या उंचीवर उचलली, तरच सर्व पट्ट्यांतील खाचा एका ओळीत येतात आणि कुलपाचा दांडा मागे सरकतो. एखादी पट्टी केसभर कमी किंवा जास्त उचलली गेली तरी दांडा अडतो. पट्ट्यांची संख्या वाढवली आणि खाचा अचूक कापल्या, तर तारेने चाचपून त्या जुळवणे चोराला फार कठीण जाते. म्हणजे कुलपाचे बळ त्याच्या जाड कवचापेक्षा आतील मापांच्या काटेकोरपणात असते. हाताने घडवलेल्या देशी कुलपांची खरी उणीव हीच होती. गोदरेज यांच्या कारखान्याने ती भरून काढली.

उचललेल्या पट्ट्या पुन्हा जागेवर आणण्याचे काम सामान्यतः बारीक स्प्रिंगा करतात. मुंबईच्या दमट हवेत त्या गंजत, ढिल्या पडत किंवा तुटत. मग कुलूप एक तर अडकून बसे, नाही तर नको तितके सहज उघडे. अर्देशिर यांनी स्प्रिंगांवर अवलंबून नसलेली रचना शोधून काढली आणि तिचे पेटंट मिळवले. स्प्रिंगविरहित कुलूप हा त्यांच्या कारागिरीचा सर्वांत मोलाचा भाग मानला जातो.

त्यांच्या आणखी दोन प्रकारांचा उल्लेख आवश्यक आहे. गॉर्डियन नावाच्या कुलपाला दोन किल्ल्या असत. दोन्हींनी कुलूप उघडे, मात्र दुसऱ्या किल्लीने आतील रचना अशी बदलता येई की पहिली किल्ली निरुपयोगी ठरे. नोकर किंवा भागीदार किल्ली घेऊन निघून गेला, किंवा कोणी तिचा ठसा घेतल्याचा संशय आला, तरी मालकाला कुलूप बदलावे लागत नसे. दुसरा प्रकार सूचक कुलपाचा. त्यामागचे तत्त्व चब यांचेच होते. चुकीची किल्ली फिरवताच आतील एक वेगळा दांडा सुटे आणि खरी किल्ली ठरावीक दिशेने फिरवल्याशिवाय तो मागे जात नसे. चोरी होण्याआधीच मालक सावध होई. पेढीतील रोकड ज्यांच्या हाताखालून जात असे अशा माणसांवरचा विश्वास आणि अविश्वास या दोन्हींचा विचार या रचनांत दिसतो.

कामा यांच्या नात्यातील बॉइस नावाचे एक गृहस्थ या धंद्यात भागीदार झाले होते. ते लवकरच बाहेर पडले. तरीही त्यांचे नाव अर्देशिर यांनी काढले नाही आणि गोदरेज अँड बॉइस हे नाव आजतागायत चालू आहे.

तिजोऱ्या

कुलूप कितीही चांगले असले, तरी ते ज्या पेटीला लावले आहे ती कच्ची असेल तर चोर कुलपाच्या वाटेला जातच नाही. कडीकोयंडा उचकटणे हे कुलूप उघडण्यापेक्षा सोपे असते. तिजोऱ्यांच्या बाबतीत हेच मोठ्या प्रमाणावर घडत होते. त्या काळच्या तिजोऱ्यांचे पत्रे कोपऱ्यांवर रिव्हेट मारून जोडलेले असत. चोर सांध्यात पाचर ठोकून पत्रा सोलून काढी, बिजागऱ्या तोडी, किंवा कुलपाच्या भोकातून बंदुकीची दारू भरून दार उडवी. गिरमिटाने दाराला भोक पाडून कुलपाच्या यंत्रणेपर्यंत पोहोचणे ही आणखी एक रीत होती. आगीचे भय तर वेगळेच. पत्र्याची पेटी आगीत टिकली, तरी आतील नोटा, खतपत्रे आणि वह्या करपून जात. सावकाराला रोकड गेल्यापेक्षा खातेवही जळाल्याचे दुःख अधिक असे.

१९०१ च्या सुमारास अर्देशिर यांनी तिजोऱ्यांवर प्रयोग सुरू केले आणि १९०२ मध्ये त्यांची पहिली तिजोरी बाजारात आली. त्यांचा भर सांधे कमी करण्यावर होता. सुटे पत्रे जोडण्याऐवजी अखंड पत्रा वाकवून पेटी घडवली, तर पाचर घालायला फटच उरत नाही. दार दुहेरी पत्र्याचे ठेवले आणि कुलूप बाहेरच्या पत्र्यावर न बसवता आतल्या पत्र्याला जोडले, तर बाहेरचा पत्रा फोडूनही कुलपाला धक्का पोहोचत नाही. बाहेरच्या आणि आतील कवचांच्या मध्ये उष्णता रोखणारा भराव घातला, की आगीचा दाह आतील कागदांपर्यंत जाण्यास वेळ लागतो आणि त्या अवधीत आग विझवता येते. तिजोरीच्या संरक्षणाचे गमक या वेळात आहे. कोणतीही तिजोरी अनंत काळ टिकत नाही. चोराला किंवा आगीला जेवढा वेळ मिळू शकतो, त्याहून अधिक वेळ ती टिकली पाहिजे.

विलायती तिजोऱ्यांची सवय लागलेल्या पेढ्या आणि बँका प्रथम या मालाकडे साशंकतेने पाहत. तिजोरी जाहीरपणे आगीत घालून नंतर ती उघडून दाखवण्याचे प्रयोग कारखान्याने केले. जाहिरातीपेक्षा या प्रयोगांनी अधिक काम केले. सम्राट पंचम जॉर्ज आणि राणी मेरी यांच्या १९११-१२ च्या हिंदुस्थान भेटीत राणीने गोदरेज तिजोरी वापरल्याचे कंपनीच्या इतिहासात नोंदवले आहे. स्वदेशीचा पुरस्कार करणाऱ्या माणसाच्या मालाला ही पावती मिळावी यात थोडी गंमत आहे. बंगालच्या फाळणीनंतर स्वदेशीचे वारे देशभर पसरले, त्याचाही लाभ तिजोऱ्यांच्या विक्रीला झाला. याच दशकात पिरोजशा कारखान्यात दाखल झाले. अर्देशिर यांचा ओढा रचनेकडे आणि प्रयोगांकडे, तर पिरोजशा यांचा कारखाना चालवण्याकडे. दोघांचे उत्तम जमले.

१९२३ पासून कंपनीने पोलादी कपाटे तयार करण्यास सुरुवात केली.

स्वदेशीविषयीची भूमिका

अर्देशिर राष्ट्रीय विचारांचे होते, परंतु बहिष्काराच्या चळवळीविषयी त्यांचे मत वेगळे होते. केवळ देशी आहे म्हणून निकृष्ट माल ग्राहकाच्या गळ्यात बांधणे त्यांना मान्य नव्हते. परदेशी मालाच्या तोडीचा माल येथे बनल्याखेरीज स्वावलंबन येणार नाही आणि स्वावलंबनावाचून स्वातंत्र्य टिकणार नाही, असे ते मानत. ही भूमिका त्यांना समकालीन पुढाऱ्यांच्या टीकेची धनी करणारी होती. दादाभाई नवरोजींसारख्या ज्येष्ठांशीही त्यांचे मतभेद होते. तरी १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी देशातून एक कोटी रुपये जमवण्याचे ठरले, तेव्हा त्यांनी तीन लाख रुपये दिले. दलितांचा उद्धार आणि दारूबंदी या कामांसाठी ही रक्कम होती. त्या फंडासाठी एकाच व्यक्तीकडून आलेल्या देणग्यांत ती सर्वांत मोठी मानली जाते.

साबण

त्या काळी साबणासाठी प्राण्यांची चरबी वापरली जाई. त्यामुळे अनेक हिंदू, जैन आणि मुसलमान कुटुंबे साबण वापरणे टाळत. अर्देशिर यांनी वनस्पती तेलापासून साबण तयार केला. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस बाजारात आलेल्या या साबणाचे नाव चावी असे होते. कुलपाच्या कारखानदाराने साबणाला हे नाव द्यावे, हे साहजिकच. त्यानंतर आलेल्या साबणाला नंबर २ हे नाव दिले गेले आणि नंबर १ त्याच्या मागून, १९२२ मध्ये आला. दुसऱ्या क्रमांकाचा साबण इतका चांगला, तर पहिल्या क्रमांकाचा कसा असेल, असे ग्राहकाला वाटावे, हा त्यामागील हिशोब होता. रवींद्रनाथ टागोर आणि ॲनी बेझंट यांनी या साबणाची शिफारस केली होती.

अखेरचा काळ

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या उत्तरार्धात अर्देशिर यांनी कारखान्याची सूत्रे पिरोजशा यांच्या हाती सोपवली आणि ते नाशिकला जाऊन राहिले. तेथे त्यांनी शेतीचे प्रयोग केले. व्यापारी दृष्टीने त्यांना फारसे यश आले नाही. १९३२ मध्ये गोदरेज अँड बॉइसची मर्यादित कंपनी म्हणून नोंदणी झाली. जानेवारी १९३६ मध्ये अर्देशिर यांचे निधन झाले.

नंतरचा काळ

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई बंदरात फोर्ट स्टिकीन या दारूगोळा भरलेल्या जहाजाचा स्फोट झाला आणि गोदीलगतच्या वखारी व पेढ्या जळून गेल्या. त्या ढिगाऱ्यांतून काढलेल्या गोदरेज तिजोऱ्यांतील कागदपत्रे शाबूत राहिल्याचे कंपनीने नोंदवले आहे. त्याच्या आदल्या वर्षी पिरोजशा यांनी विक्रोळी येथे विस्तीर्ण जमीन लिलावात घेतली होती. स्वतंत्र भारताच्या १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी लाखो पोलादी मतपेट्या तेथील कारखान्यात तयार झाल्या. मतपेटी हीदेखील एका अर्थी तिजोरीच. ती उघडून पुन्हा बंद केली गेली, तर ते लपून राहता कामा नये, ही तिच्याकडूनची पहिली अपेक्षा असते. सूचक कुलपाकडून अर्देशिर यांनीही हेच काम करून घेतले होते.

मराठी घरांत गोदरेज हे आडनाव सामान्यनाम झाले आहे. लालबाग-परळच्या चाळीपासून मीरा रोड-भाईंदरच्या सदनिकांपर्यंत पोलादी कपाटाला, मग ते कोणत्याही कारखान्याचे असो, सर्रास गोदरेजचे कपाट म्हटले जाते. लग्नात मुलीला ते देण्याची रीत अनेक दशके होती. दागिने, विम्याचे कागद आणि घराचा करारनामा त्याच्या आतल्या चोरकप्प्यात ठेवले जात.

रात्री कोणी राखणदार नसलेल्या जागी रोकड ठेवणाऱ्या यंत्रांचा प्रसार अलीकडच्या काळात झाला. बँकांची एटीएम यंत्रे हे त्याचे सर्वांत परिचित उदाहरण. त्यांच्या आतील तिजोऱ्या फोडण्यासाठी तारेऐवजी गॅस कटर वापरला जातो आणि सूचक कुलपाच्या जागी कंपनामुळे वाजणारा गजर आला आहे. प्लेगच्या वर्षातील रिकाम्या घरांप्रमाणेच येथेही मालक दूर असतो आणि चोराजवळ वेळ असतो.

अर्देशिर गोदरेज यांचे विजितात्मा हे इंग्रजी चरित्र पत्रकार बी. के. करंजिया यांनी लिहिले असून ते २००४ मध्ये प्रकाशित झाले.